पडदा लावला, तरी धूळ आली

पत्र

नमस्कार. आमच्या घरात दुरुस्तीचं काम काढलंय. बेडरूमला लागून असलेल्या बाथरूमच्या जुन्या टाइल्स काढून नव्या बसवायच्या, बेडरूममध्ये नव्या वायरिंगसाठी भिंतींना झिऱ्या मारायच्या, मग लांबी (पुट्टी) आणि रंग. आम्ही पाच जण उरलेल्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर यांत राहतोय. काम सुरू व्हायच्या आधी मी बेडरूमच्या दारावर जुन्या चादरी बांधल्या, फर्निचर झाकलं. पहिल्या आठवड्यात फक्त टाइल्स फुटल्या आहेत, आणि पार टोकाच्या खोलीतल्या बंद कपाटात, घडी घातलेल्या कपड्यांवर पांढरा थर बसलाय. सासऱ्यांना दमा आहे. परवा रात्री त्यांना दोनदा पंप घ्यावा लागला. मुलगी तीन वर्षांची, सतत जमिनीवर खेळते. ठेकेदार म्हणतो, “काम म्हटलं की धूळ होणारच.” नणंद म्हणते, सगळ्या खिडक्या उघडून पंखे लावा. नवरा म्हणतो, सगळं बंद करून ठेवा. मी दिवसातून तीनदा झाडू मारतेय. अजून निदान तीन आठवडे काम चालेल आणि सगळ्यांनी घर सोडून जाणं शक्य नाही. काय करू?

– वैतागलेली सून

उत्तर

नमस्कार ताई,

आधी सासऱ्यांचं बोलू. रात्री दोनदा पंप लागणं ही उद्यावर टाकायची गोष्ट नाही. त्यांच्या डॉक्टरांना आजच फोन करा, घरात तोडफोड चालू आहे आणि पंप जास्त लागतोय हे सांगा, आणि कोणतं लक्षण दिसलं की थेट दवाखाना गाठायचा हे विचारून लिहून ठेवा. उरलेल्या कामात खऱ्या अर्थाने धुळीचे टप्पे दोनच आहेत: झिऱ्या मारायचे दिवस आणि लांबी घासायचे दिवस. तेवढे दिवस सासरे आणि मुलगी दुसरीकडे राहू शकले तर बघा. पाच जणांनी तीन आठवडे घर सोडणं अवघड आहे, दोघांनी चार-पाच दिवस जाणं बहुधा जमेल.

आणि झाडू ठेवून द्या. तुम्ही कष्ट घेताय हे कळतंय, पण त्या झाडूने तुम्ही दिवसातून तीनदा खाली बसलेली धूळ पुन्हा हवेत पाठवताय. का, ते सांगते.

आपण जिला धूळ म्हणतो ती एकच गोष्ट नसते. टाइल फुटली की वाळूसारखे मोठे कण उडतात आणि पिठाहून बारीक कणही उडतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. १०० मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा थोडा मोठा कण डोक्याच्या उंचीवरून काही सेकंदांत खाली येतो. १० मायक्रॉनच्या कणाला चार-पाच मिनिटं लागतात. १ मायक्रॉनचा कण मात्र अगदी स्तब्ध हवेतही पाच-सहा तास तरंगत राहतो, आणि माणसं वावरत असलेल्या घरात हवा स्तब्ध कधीच नसते. खिडकीतून येणाऱ्या कवडशात जे नाचताना दिसतं ते त्यातल्या त्यात मोठं असतं. दम्याच्या माणसाच्या छातीत खोलवर जाणारे कण एकेकटे डोळ्यांना दिसतच नाहीत. या बारीक कणांना स्वतःचा असा प्रवास नसतो. हवा जिथे जाते तिथे ते जातात, आणि हवा जिथे थांबते तिथे सावकाश बसतात. तुमच्या टोकाच्या खोलीतलं कपाट ही हवा थांबण्याची अगदी उत्तम जागा. दार उघडताना आणि लावताना कपाट भात्यासारखं हवा ओढतं आणि सोडतं. बंद असलं तरी फटीतून हवा ये-जा करते, आणि आत वारा नसल्यामुळे धूळ निवांत घडीवर बसते.

म्हणून चादरी हरल्या. चादरीच्या विणीतून हवा आरपार जाते, तिच्याबरोबर बारीक धूळही जाते. शिवाय बाजूच्या फटी उरतातच. दाराखालची फट क्षुल्लक वाटते, पण ९० सेंटीमीटर रुंद दाराखाली १ सेंटीमीटरची फट असेल तर ते ९० चौरस सेंटीमीटरचं भोक झालं, जवळजवळ तळहाताएवढं. दारात तळहाताएवढं भोक पाडून कोणी “दार बंद आहे” म्हणालं तर आपण हसू.

आता नणंद आणि नवरा. दोघांचंही निम्मं बरोबर आहे. सगळं बंद ठेवलं तर धूळ घरातच फिरत राहते. सगळं उघडून पंखे लावले तर बाहेरचा वारा ज्या बाजूने शिरेल त्यावर धुळीचं नशीब ठरतं. वारा बेडरूमच्या खिडकीतून आत आला तर तो सगळा मालमसाला घेऊन तुमच्या स्वयंपाकघरातून बाहेर पडेल. तेव्हा उघडायचं की बंद करायचं हा वाद सोडा आणि एकच प्रश्न विचारा: दाराच्या फटीतून हवा कुठल्या दिशेने जातेय? ती राहत्या घरातून कामाच्या खोलीकडे आणि तिथून खिडकीबाहेर जात असेल, तर पडद्यात दोन-चार फटी राहिल्या तरी चालतं. ती उलटी येत असेल, तर कितीही चिकटपट्ट्या लावा, धूळ येणार.

हे मी शहाणपणाने शिकले नाही. आमच्या घरी असंच काम निघालं तेव्हा मी अगदी मन लावून प्लॅस्टिकचा पडदा लावला होता, चारही बाजूंनी टेपने बंद केलेला. दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर पडदा शिडासारखा फुगून माझ्याच दिशेने आलेला, आणि ओट्यावर बोट फिरवलं तर रेघ उमटतेय. कारण शोधायला मला संध्याकाळ झाली. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा चालू होता. तो घरातली हवा बाहेर फेकत होता, आणि फेकलेल्या हवेची भरपाई म्हणून घर जिथून मिळेल तिथून हवा ओढत होतं. खिडक्या बंद असल्यामुळे सगळ्यात सोपी वाट कामाच्या खोलीतली होती. म्हणजे धूळ मी स्वतःच बटण दाबून मागवत होते.

तर तुमच्या घरी पहिला नियम हा: तोडफोड चालू असताना स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट किंवा चिमणी, आणि दुसऱ्या बाथरूमचा एक्झॉस्ट, हे बंद. स्वयंपाक काम सुरू व्हायच्या आधी उरकता आला तर उत्तम.

दुसरी गोष्ट, कामाच्या खोलीच्या खिडकीत बाहेर हवा फेकणारा पंखा बसवा. खिडकीच्या मापाचा प्लायवुडचा किंवा जाड पुठ्ठ्याचा तुकडा कापायचा, त्यात एक्झॉस्ट पंख्याएवढं भोक पाडायचं, पंखा बसवून कडेच्या सगळ्या फटी टेपने बंद करायच्या. ठेकेदाराच्या सुताराला हे अर्ध्या तासाचं काम आहे. कडा बंद करणं महत्त्वाचं, नाहीतर पंख्याने बाहेर फेकलेली हवा त्याच खिडकीच्या उरलेल्या भागातून परत आत येते आणि पंखा नुसता गरगरत राहतो. एक्झॉस्ट पंखा नसेल तर जुना टेबल पंखा बाहेर तोंड करून, भोवती पुठ्ठा लावून चालतो. तो कमजोर पडतो, पण काहीच नसण्यापेक्षा बरा. कामाच्या खोलीच्या बाकीच्या खिडक्या बंद ठेवा. राहत्या भागात, शक्यतो सगळ्यात लांबची एखादी खिडकी बोटभर उघडी ठेवा, म्हणजे भरपाईची हवा तिथून स्वच्छ येईल. छताचा पंखा कामाच्या खोलीत लावायचा नाही, हे गवंड्यांना घाम फुटला तरी समजावून सांगावं लागेल. त्यांच्या अंगावर वारा येईल असा छोटा पंखा खिडकीच्या दिशेने तोंड करून द्या.

किती ओढ हवी? फार नाही. ॲस्बेस्टॉस (ज्याचे तंतू श्वासातून गेले तर घातक ठरतात असं खनिज) काढण्याच्या बंदिस्त जागेसाठी अमेरिकेतल्या ‘ओशा’ या कामगार सुरक्षा यंत्रणेच्या नियमात तासाला निदान ४ वेळा हवा बदलणं आणि बाहेरच्यापेक्षा साधारण ५ पास्कलने कमी दाब एवढंच सांगितलंय. ५ पास्कल म्हणजे साध्या कागदाची सहा पानं एकावर एक टेबलावर ठेवली तर ती जेवढा भार टाकतात, जवळपास तेवढाच. तुमची खोली ३ बाय ४ मीटरची आणि २.८ मीटर उंचीची धरली तर तिच्यात ३४ घनमीटरच्या आसपास हवा असते, चारपट म्हणजे तासाला १३५ घनमीटर. साधा १० इंची एक्झॉस्ट पंखा याच्या कितीतरी पट हवा हलवतो. पण आकड्यांपेक्षा पडद्याकडे बघा. पंखा चालू केल्यावर पडदा कामाच्या खोलीकडे फुगला पाहिजे. टिश्यू पेपरची बोटभर पट्टी दाराच्या फटीशी धरा, ती आतल्या बाजूला ओढली गेली पाहिजे. ही पट्टी पडद्याशेजारी चिकटवूनच ठेवा. जाता-येता नजर टाकली की कळतं. बाहेर जोराचा वारा नेमका त्या खिडकीवर येत असेल तर पट्टी उलटी वळेल. तेव्हा दुसऱ्या दिशेची खिडकी वापरायची, नाहीतर त्या दिवशी धुळीचं काम घ्यायचंच नाही.

इथे एक धोका सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही. घरात गॅसचा गीझर किंवा नळकांड्याने धूर बाहेर सोडणारी कुठलीही शेगडी असेल, तर घरातली हवा जोरात बाहेर ओढली जात असताना तो धूर उलटा घरात येऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला वास नसतो. खिडकीतला पंखा चालू असताना गॅस गीझर लावायचा नाही. आंघोळी आधी.

आता पडदा. दाराला जाड प्लॅस्टिक लागतं, १०० ते १५० मायक्रॉनचं. रंगारी जमिनीवर अंथरतात ते पातळ प्लॅस्टिक फर्निचर झाकायला ठीक, दारावर ते दोन दिवसांत फाटतं. छतापासून किंवा चौकटीच्या वरपासून जमिनीपर्यंत लावा आणि खाली वीतभर जास्त सोडून त्यावर लाकडी पट्टी ठेवा. टेप थेट रंगवलेल्या भिंतीला लावलात तर काढताना रंगासकट येईल. आधी कागदी मास्किंग टेप, त्यावर जाड टेप. ये-जा करण्यासाठी प्लॅस्टिकला मधोमध उभा छेद द्या, वर आणि खाली वीतभर सोडून. मग प्लॅस्टिकचाच दुसरा कागद फक्त वरच्या कडेला चिकटवून कामाच्या बाजूने त्या छेदावर लोंबता सोडा, खाली थोडं वजन द्या. पंखा चालू असताना तो किंचित उघडा राहून हवा आत घेईल, आणि कधी हवा उलटी फिरली तर तोच छेदावर दाबला जाऊन दार बंद करेल. झडपेसारखं. चिकटवायची चेन मिळाली तर छानच, पण मजूर दिवसाला पन्नास वेळा चेन लावत नाहीत, हे धरून चाला. लोंबता कागद आपोआप पडतो, म्हणून मला तो जास्त भरवशाचा वाटतो.

दार झालं, पण दारच एकटं नसतं. काम चालू असलेल्या बाथरूमची झरोक्यासारखी खिडकी इमारतीच्या डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत, उघडते का? आणि तुमच्या दुसऱ्या बाथरूमची खिडकीही त्याच डक्टमध्ये? मग धूळ भिंतीमागून फेरी मारून येते आणि आपण दाराकडे बघत बसतो. तो झरोका प्लॅस्टिकने बंद करा. एसीच्या नळीसाठी पाडलेलं भोक, दारावरचं व्हेंटिलेटर, उघडा पडलेला स्विचबोर्ड, दोन खोल्यांच्या मधलं आरपार कपाट, हे सगळं एकदा हातात टॉर्च घेऊन बघा. सोपी युक्ती अशी की रात्री कामाच्या खोलीत दिवा लावायचा, घर अंधारं करायचं आणि कुठून उजेड येतो ते शोधायचं. स्प्लिट एसी त्या खोलीत असेल तर त्याचा मुख्य स्विच बंद करून युनिट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा. दुसऱ्या खोलीतला स्प्लिट एसी खुशाल चालवा, तो बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच फिरवतो. फक्त त्याची जाळी आठवड्याला धुवा. सगळ्या घराला एकच डक्टचा एसी असेल तर कामाच्या खोलीतली त्याची तोंडं बंद केल्याशिवाय हातोडा उचलू देऊ नका.

“काम म्हटलं की धूळ होणारच” हे वाक्य मला आवडत नाही. ते खरं आहे, म्हणून जास्त आवडत नाही. धूळ होणार, पण किती, हे हत्यार ठरवतं. कोरडा ग्राइंडर भिंतीत घातला की पाच मिनिटांत समोरचा माणूस दिसेनासा होतो. ठेकेदाराशी भांडू नका, त्याला नेमके प्रश्न विचारा. झिऱ्या कशाने मारणार? दोन पात्यांचं, व्हॅक्यूमला जोडलेलं झिरी मारायचं यंत्र मिळतं, ते भाड्याने आणता येईल का? सगळ्या झिऱ्या खरंच हव्यात का, की काही वायरी केसिंग-कॅपिंगमधून (भिंतीवर बसवायच्या झाकणाच्या पट्टीतून) वरून नेल्या तर चालेल? नवीन टाइल्स कुठे कापणार? टाइलला रेघ मारून मोडणारा हातकटर जवळजवळ धूळच करत नाही. सरळ काप त्यानेच करायचे. नळाचं भोक वगैरे अवघड काप पाण्याच्या कटरवर, घराबाहेर. जुना गिलावा किंवा टाइल्स फोडायच्या आधी फवाऱ्याने ओल्या केल्या तर निम्मी कटकट वाचते. वाहतं पाणी नको, ओलसर पुरे. मात्र पाणी आणि वीज यांची गाठ घालून देऊ नका: पाणी फक्त त्यासाठीच बनवलेल्या यंत्रावर, आणि ज्या प्लगवर ते लावाल तिथे गळतीला वीज तोडणारा ब्रेकर हवा.

राडारोडा तुमच्या हॉलमधूनच बाहेर जाणार असेल तर तो उघड्या घमेल्यातून जाऊ देऊ नका. पडद्याच्या आतच गोणीत भरायचा, अर्धीच गोणी, तोंड बांधून, बाहेरून ओल्या फडक्याने पुसून. दिवसाच्या शेवटी एकदाच, पंखा चालू ठेवून. पडद्याबाहेर पिळून घेतलेलं ओलं गोणपाट पसरा आणि ते वाळलं की पुन्हा भिजवा. मजुरांच्या आतल्या चपला आतच राहू द्या. हे सगळं कामाच्या मधोमध सांगितलं तर ठेकेदार तोंड वाकडं करणार. उरलेल्या कामाच्या पैशांचा पुढचा हप्ता देण्याआधी बसून सांगा, त्याचा जास्तीचा वेळ मान्य करा, आणि लिहून घ्या.

मजुरांबद्दल एक आणखी. टाइल, सिमेंट, विटा, वाळू या सगळ्यांत सिलिका असते. श्वासातून जाणाऱ्या स्फटिकरूप सिलिकेला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये माणसांत कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. ‘ओशा’ची कामगारांसाठीची मर्यादा आठ तासांच्या सरासरीत घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम आहे. तुमच्या त्या ३४ घनमीटरच्या खोलीत हे दोन मिलिग्रॅमही भरत नाही, मिठाच्या तीसेक कणांएवढं. तीन आठवड्यांच्या कामाने तुम्हाला सिलिकोसिस (सिलिकेच्या धुळीने होणारा फुफ्फुसांचा आजार) होईल अशी भीती घेऊ नका, तो बहुतेक वर्षानुवर्षांच्या धुळीने होतो. पण तुमच्या घरातला ग्राइंडर धरणारा मुलगा उद्या दुसऱ्या घरात तोच ग्राइंडर धरणार आहे. त्याला एन-९५ मास्क द्या. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धुळीला अडवत नाही, आणि दाढीवर मास्क नीट बसत नाही. त्याच्यासाठी म्हणून जे कराल, त्यातलं पुष्कळसं तुमच्याही घराच्या कामी येईल.

घर जुनं असेल तर दोन गोष्टी काम पुढे नेण्याआधी तपासून घ्या. जुन्या तैलरंगाच्या थरांत शिसं असू शकतं. तो कोरडा खरवडायचा नाही, घासायचा नाही आणि जाळून काढायचा तर मुळीच नाही. मुलांसाठी शिशाची कुठलीही मात्रा सुरक्षित मानलेली नाही, आणि तुमची मुलगी जमिनीवर खेळून तोच हात तोंडात घालते. दुसरं, राखाडी सिमेंटचे पत्रे किंवा पाइप ॲस्बेस्टॉसचे निघाले तर ते फोडू किंवा कापू देऊ नका. तिथे काम थांबवून त्यातल्या जाणकारालाच बोलवायचं.

सासऱ्यांच्या खोलीसाठी हेपा फिल्टरचा एअर प्युरिफायर असला तर चांगला उपयोग होईल. हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा फिल्टर. तो त्यांच्या खोलीत, दार लावून, रात्रंदिवस चालू. कामाच्या खोलीत ठेवू नका, दोन दिवसांत त्याचा श्वास कोंडेल. विकत घ्यायचा नसेल तर रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेंथल यांनी २०२० मध्ये पुढे आणलेली घरगुती रचना आहे: चौकोनी पंखा आणि चार बाजूंना मर्व्ह-१३ दर्जाचे (मर्व्ह ही फिल्टर किती बारीक कण अडवतो याची श्रेणी) फिल्टर, टेपने जोडून केलेलं खोकं. दिसायला बावळट, कामाला बरं. ही दोन्ही साधनं हवा गाळतात, तिची दिशा बदलत नाहीत. म्हणून ती खिडकीतल्या पंख्याऐवजी नव्हेत.

कपाटांसाठी: येत्या दोन-तीन आठवड्यांचे कपडे आणि अंथरुणं बाहेर काढून पिशव्यांत बंद करा, मग कपाटाच्या दारांच्या फटींवर मास्किंग टेप. पुस्तकांची कपाटं, संगणक तसेच. फ्रिज मात्र झाकू नका, त्याची उष्णता अडकते. त्याच्या मागची जाळी काम संपल्यावर साफ करा. घरात धुराचा अलार्म असेल तर दिवसा झाका आणि रोज संध्याकाळी आठवणीने उघडा.

झाडूऐवजी काय? काम थांबल्यावर खिडकीतला पंखा तासभर चालूच राहू द्या. मग राहत्या भागात वरून खाली: आधी फळ्या, खिडकीच्या पट्ट्या, शेवटी फरशी. हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम असेल तर आधी तो फिरवा. साध्या घरगुती व्हॅक्यूमने सिमेंटची धूळ ओढू नका, बारीक कण मागच्या बाजूने पुन्हा खोलीत येतात आणि मोटरही लवकर जाते. नंतर ओलं फडकं, दोन बादल्या, एक धुवायला आणि एक स्वच्छ पाण्याची, आणि पाणी गढूळ होताच बदलायचं. एकाच बादलीत सगळं घर पुसलं की वाळल्यावर फरशीवर पांढरी साय दिसते, ती धूळच. हातमोजे घाला, सिमेंटची ओली धूळ त्वचेला चांगलीच बोचते. मुलीच्या खेळायच्या जागेचं पुसणं संध्याकाळी शेवटी आणि सकाळी काम सुरू व्हायच्या आधी एकदा.

लांबीचा टप्पा अजून यायचाय आणि खरी परीक्षा तिथेच आहे. तिची धूळ टाइल्सच्या धुळीहून बारीक आणि हलकी, आणि घासणारा माणूस सगळ्या भिंतीभर फिरतो. रंगाऱ्याला सांगा, पातळ हात जास्त द्या, जाड हात एकच देऊन मग पॉलिश पेपरने सगळं खाली आणू नका. भिंतीला तिरका दिवा लावून बघितलं तर कुठे घासायचं तेवढंच कळतं, सरसकट भिंत घासावी लागत नाही. जिप्समची लांबी असेल तर ओल्या स्पंजने घोटता येते, धूळ जवळजवळ होत नाही. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी वाळून कडक झाली की स्पंजला दाद देत नाही, तिथे व्हॅक्यूमला जोडलेलं घासायचं यंत्र हवं. घासायला सुरुवात करण्याच्या सकाळी पडद्याचे सगळे टेप बघा, तोवर कुठेतरी सुटलेला असतोच, आणि टिश्यू पेपरची पट्टी आत वळतेय का ते बघा. पंख्याच्या पात्यांवर आठवड्याभराची धूळ बसून त्याचा जोर कमी झालेला असेल. प्लग काढून ती पुसा. खिडकीसमोर शेजाऱ्यांची खिडकी असेल तर आदल्या दिवशी त्यांना सांगून ठेवा, बिचाऱ्यांनी कपडे वाळत घातलेले असतात.

रंग झाला की पडदा ओढून काढायची घाई होते. एक रात्र जाऊ द्या. सकाळी आतली खोली वरपासून खालपर्यंत पुसून घ्या, मग प्लॅस्टिकवर पाण्याचा हलका फवारा मारून ते धुळीची बाजू आत ठेवून गुंडाळत खाली आणा आणि तसंच पिशवीत घाला. खिडकीतला पंखा हे सगळं होईपर्यंत चालू, तो सगळ्यात शेवटी बंद करायचा. सासऱ्यांना त्याच्या दुसऱ्या दिवशी घरी आणा.

सस्नेह.